झॅपियर, मेक की एन८एन? तिन्ही टूल्स कामात वापरल्यावरचा रिव्ह्यू

ऑफिसात सहा-सात सॉफ्टवेअर असतात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. वेबसाइटवरचा फॉर्म एकीकडे, सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) दुसरीकडे, इनव्हॉइसचं सॉफ्टवेअर तिसरीकडे, टीमची चर्चा स्लॅकवर, आणि या सगळ्याच्या मधे कोणीतरी एक जण बसलेला असतो जो दिवसभर इथलं कॉपी करून तिथे पेस्ट करत असतो. त्या माणसाचं डोकं याहून चांगल्या कामाला लागायला हवं असं मला फार वाटतं, म्हणून ही ॲप जोडणारी टूल्स मी मनापासून वापरायला लागले आणि आता आमच्या टीमचं बरंचसं रोजचं काम त्यांच्यावरच चालतं.

झॅपियर, मेक आणि एन८एन ही तीन मी नीट वापरलीत, बाकीची थोडीफार. रिव्ह्यू वाचले की सगळीकडे तेच दिसतं, किती हजार ॲप जोडता येतात, टेम्प्लेट किती, एआय आहे का. पण डेमोत तिन्ही छानच वाटतात हो. फॉर्म भरला, दुसरीकडे ओळ आली, टाळ्या. खरा फरक कळतो तो मधलं एखादं ॲप बंद पडतं तेव्हा, रात्री दोनला एखादी एन्ट्री अडकते तेव्हा, आणि महिनाअखेरीला कोटा संपतो तेव्हा. मी या तिघांना तिथेच मार्क दिलेत.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण हे कोणी नीट सांगत नाही आणि अर्धे गोंधळ इथूनच होतात. प्रत्येक टूलमधे एक ट्रिगर असतो, म्हणजे काम सुरू करणारी घटना, आणि त्याच्यापुढे एक किंवा अनेक ॲक्शन, म्हणजे मग आपोआप होणारी कामं. या पूर्ण साखळीला वर्कफ्लो म्हणतात. ट्रिगर दोन प्रकारचा. पहिला पोलिंगवाला, म्हणजे टूल ठराविक वेळाने जाऊन समोरच्या ॲपला विचारतं, बाबा काही नवीन आलंय का? दुसरा वेबहुक, यात समोरचं ॲपच काही घडलं की लगेच आपल्या यूआरएलवर माहिती पाठवून देतं. झॅपियरच्या फ्री प्लॅनवर पोलिंग दर १५ मिनिटांनी होतं, मेकच्या फ्रीमधेही कमीत कमी गॅप १५ मिनिटांचाच आहे. त्यामुळे "मी फॉर्म भरला आणि काहीच झालं नाही, टूल बकवास आहे" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, किती वेळ थांबलात? ग्राहकाला लगेच उत्तर जायला हवं असेल तर वेबहुकच शोधा. रात्रीचा रिपोर्ट असेल तर पोलिंगने काही बिघडत नाही.

आता झॅपियर. २०११ मधे वेड फॉस्टर, ब्रायन हेल्मिग आणि माइक नूप या तिघांनी अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात हे सुरू केलं आणि आज ७,००० हून जास्त ॲप त्यात आहेत. ज्याने आयुष्यात कोडची एक ओळ लिहिली नाही अशा माणसाला तुम्ही याच्यासमोर बसवलं तर तो दुपारपर्यंत पहिला झॅप (झॅपियरमधे वर्कफ्लोला झॅप म्हणतात) चालू करतो, हे मी आमच्या अकाउंट्सच्या ताईंच्या बाबतीत प्रत्यक्ष बघितलंय. ॲप निवडा, लॉगिन करा, कुठलं फील्ड कुठे जाणार ते सांगा, टेस्ट करा, चालू करा. भाषा सोपी, स्क्रीन स्वच्छ, आणि टेस्ट करताना तुमचाच खरा डेटा नमुना म्हणून दाखवतो त्यामुळे अंधारात चाचपडावं लागत नाही.

झॅपियरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र दुसरीच आहे, डुप्लिकेट ओळखण्याची पद्धत. पोलिंग करताना तो समोरच्या ॲपकडून यादी मागवतो, प्रत्येक रेकॉर्डचा आयडी बघतो, आधी बघितलेला असेल तर सोडून देतो आणि नवीन असेल तरच झॅप चालवतो. याचा अर्थ असा की जुन्या रेकॉर्डमधे कोणी फोन नंबर बदलला तर "नवीन रेकॉर्ड" वाला ट्रिगर चालणारच नाही, कारण आयडी तोच आहे, तिथे "नवीन किंवा बदललेला" वाला ट्रिगर घ्यावा लागतो. आणि गूगल शीट्सवर झॅप लावला असेल तर टीममधल्या प्रत्येकाला सांगून ठेवा की मधेच ओळ घालायची नाही, सॉर्ट करायचं नाही, ओळी उडवायच्या नाहीत, नवीन नोंद खालीच. झॅपियर स्वतःच तसं सांगतं. आम्ही यासाठी दोन शीट ठेवल्यात, एक मशीनची जिला कोणी हात लावत नाही आणि एक माणसांची जी पहिलीवरून फॉर्म्युल्याने भरते. तेव्हापासून भांडणं मिटली.

मोजणी टास्कवर आहे. प्रत्येक यशस्वी ॲक्शन म्हणजे एक टास्क. ट्रिगर मोजत नाहीत, फिल्टर (अट तपासणारी स्टेप) आणि फॉरमॅटर (मजकूर किंवा तारखेचा साचा बदलणारी स्टेप) हेही मोजत नाहीत, ही चांगली गोष्ट. फ्रीमधे महिन्याला १०० टास्क आणि झॅप दोनच स्टेपचा, म्हणजे चाखून बघण्यापुरतं. पाच ॲक्शनचा झॅप महिन्याला ४०० वेळा चालला तर २,००० टास्क झाले, हा गुणाकार साइनअप करायच्या आधी करा, कारण काम वाढलं की झॅपियर तिघांमधे सगळ्यात महाग पडतं. आणि वर्कफ्लो गुंतागुंतीचा झाला, म्हणजे एका ऑर्डरमधे अनेक वस्तू, प्रत्येकीसाठी वेगळी नोंद, त्यात तीन-चार अटी, की वरून खाली जाणारी ती स्टेपची रांग वाचायला जड जाते. लूप (तीच स्टेप प्रत्येक वस्तूसाठी परत चालवणं) आहे, पाथ (अटीनुसार वेगळ्या वाटा) आहेत, सगळं होतं, पण चार महिन्यांनी दुसऱ्या कोणी उघडून बघितलं तर त्याला समजायला वेळ लागतो. साध्या सरळ कामासाठी झॅपियर, गुंत्यासाठी नाही, हे माझं स्पष्ट मत.

मेककडे वळूया. हे आधी इंटेग्रोमॅट नावाने चेक प्रजासत्ताकात सुरू झालं, २०२० मधे सेलोनिस कंपनीने विकत घेतलं आणि २०२२ मधे नाव बदलून मेक झालं. जुन्या लेखांत इंटेग्रोमॅट वाचलंत तर ते हेच. इथे वर्कफ्लोला सिनॅरिओ म्हणतात आणि तो एका मोठ्या कॅनव्हासवर गोल गोल मॉड्यूल जोडून बनवायचा असतो, एक मॉड्यूल म्हणजे एक स्टेप.

मी मेकच्या प्रेमात पडले ते एका छोट्या गोष्टीमुळे. सिनॅरिओ एकदा चालवला की प्रत्येक गोलाच्या डोक्यावर एक छोटा बुडबुडा येतो, त्यात आकडा असतो, तो मॉड्यूल किती वेळा चालला त्याचा. बुडबुड्यावर क्लिक केलं की आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते सगळं फील्डनिशी उघडतं. म्हणजे समजा पहिल्या मॉड्यूलवर १२, दुसऱ्यावर १२ आणि तिसऱ्यावर ११ असं दिसलं, तर एक एन्ट्री दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे गळाली हे काही न वाचता समजतं. मग मधल्या रेषेवरचा फिल्टर उघडायचा, गळालेली एन्ट्री बघायची, आणि दिसतं की ईमेलच्या शेवटी एक स्पेस राहिली होती म्हणून अट जुळली नाही. दोन मिनिटांत निकाल. ही सोय ज्याने डिझाइन केली त्याने हे काम स्वतः केलेलं असणार असं मला वाटतं.

इटरेटर आणि ॲग्रिगेटर ही मेकची खरी ताकद. इटरेटर यादी फोडून एकेक वस्तू वेगळी करतो, ॲग्रिगेटर परत एकत्र बांधतो. पण इथेच मोजणीही सांभाळायची. मेकमधे प्रत्येक मॉड्यूल प्रत्येक वेळी चालला की एक ऑपरेशन, २०२५ पासून त्याला क्रेडिट म्हणतात पण साध्या मॉड्यूलला एकास एक हिशेब तोच आहे. एका ऑर्डरमधे २० वस्तू असतील आणि इटरेटरच्या पुढे तीन मॉड्यूल असतील तर एका ऑर्डरला ६० गेले. त्याऐवजी २० ओळी ॲग्रिगेटरने गोळा करून शीटमधे एकदमच टाकल्या, त्यासाठी एकगठ्ठा ओळी टाकायचं वेगळं मॉड्यूल आहे, तर ते लिहिण्याचं काम २० ऐवजी एकातच होतं. मेक स्वस्त की महाग हे तुम्ही सिनॅरिओ कसा बांधता त्यावर ठरतं.

अजून एक हिशेब सांगते, हा लक्षात ठेवा. मेकमधे पोलिंगवाला ट्रिगर जाऊन बघून आला आणि काहीच मिळालं नाही तरी त्याचं एक ऑपरेशन जातं. दर १५ मिनिटांनी म्हणजे दिवसाला ९६ वेळा, ३० दिवसांत २,८८०. फ्रीमधे मिळतात महिन्याला १,०००. म्हणजे एकही नवीन एन्ट्री आली नाही तरी अकराव्या दिवशी कोटा खलास! म्हणून मेकमधे जिथे जमेल तिथे वेबहुकच, आणि जिथे नाही तिथे शेड्यूल फक्त कामाच्या वेळेपुरतं लावा, तशी सोय आहे.

एरर हाताळण्यात मेक झॅपियरच्या पुढे आहे असं मी म्हणेन. कुठल्याही मॉड्यूलवर राइट क्लिक करून एरर हँडलर लावता येतो. एरर आली तर सोडून पुढे जा, किंवा ठराविक व्हॅल्यू धरून चालू ठेव, किंवा ब्रेक, म्हणजे ती अडकलेली एन्ट्री बाजूला जपून ठेव आणि थोड्या वेळाने परत प्रयत्न कर. हा ब्रेक लावल्याशिवाय मी पैशाशी संबंधित एकही सिनॅरिओ चालू करत नाही. कारण काहीच लावलं नसेल तर शेड्यूलवरचा सिनॅरिओ नेहमीच्या सेटिंगमधे लागोपाठ तीन एरर आल्या की बंद होतो, आणि लगेच चालणारा वेबहुकवाला तर पहिल्याच एररला. ईमेल येतं तसं, पण ते कोणाच्या इनबॉक्समधे जातं आणि तो माणूस सुट्टीवर आहे का, हे तुम्ही बघायचं.

आणि शिकायला वेळ लागतो हे खरंय. मॅपिंगच्या, म्हणजे कुठलं फील्ड कुठे जाणार ते ठरवायच्या, खिडकीत फंक्शन, ॲरे, बंडल हे शब्द बघून नवीन माणूस बिचकतो. झॅपियरसारखं दुपारपर्यंत जमेल असं सांगून कोणाला मेकसमोर बसवू नका. पण एकदा बसलं डोक्यात की परत रांगवाल्या स्क्रीनकडे जावंसं वाटत नाही.

तिसरं एन८एन. २०१९ मधे बर्लिनमधून यान ओबरहाउझर यांनी आणलं. याचा सोर्स कोड खुला दिसतो, तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर डॉकरने (सॉफ्टवेअर तयार पॅकेजमधून चालवायचं साधन) टाकून स्वतःच्या धंद्यासाठी फुकट चालवता येतं, पण तेच होस्ट करून दुसऱ्यांना विकायला लायसन्स परवानगी देत नाही, म्हणून याला पूर्ण ओपन सोर्स न म्हणता फेअर कोड म्हणतात. स्वतःच्या सर्व्हरवर कितीही वेळा चालवा, मोजणी नाही. त्यांच्या क्लाउडवर घेतलं तरी हिशेब एक्झिक्यूशनचा, म्हणजे वर्कफ्लो एकदा चालला की एक, मग आत पाच नोड (इथे स्टेपला नोड म्हणतात) असोत की पन्नास. वर मेकमधे जी ६० ऑपरेशनची ऑर्डर सांगितली ती इथे एकच. लांबलचक वर्कफ्लो असणाऱ्यांना हा फरक फार मोठा पडतो.

डेव्हलपर मंडळींना हे आवडतंच, कारण कोड नोड आहे, त्यात जावास्क्रिप्ट किंवा पायथन लिहिता येतं, ज्या ॲपचं तयार नोड नाही त्याला थेट एपीआयने (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायचा दरवाजा) हाक मारता येते. मला स्वतःला आवडलं ते डेटा पिन करणं. एकदा आलेला खरा डेटा नोडवर पिन करून ठेवायचा आणि पुढचे नोड हव्या तेवढ्या वेळा टेस्ट करायचे, दर वेळी फॉर्म नव्याने भरायला नको. आणि एरर वर्कफ्लो, म्हणजे एकच वर्कफ्लो बनवायचा ज्याचं काम इतर कुठलाही पडला की स्लॅकवर नाव, नोड आणि एररचा मजकूर पाठवायचं, आणि बाकी सगळ्यांच्या सेटिंगमधे तो नेमून द्यायचा. एवढं नीट आणि एका जागी दोघांकडेही नाही.

पण स्वतः होस्ट करणार असाल तर फुकट म्हणजे खर्च नाही असं अजिबात समजू नका. अपडेट, बॅकअप, एसएसएल (सुरक्षित कनेक्शनचं सर्टिफिकेट), सर्व्हर पडला तर उठवणं, हे सगळं कोणाच्या तरी गळ्यात असतं. काही गोष्टी सुरुवातीलाच करून घ्या. एन८एनचा टाइमझोन तुम्ही बदलला नाही तर न्यूयॉर्कचा असतो, त्यामुळे सकाळी नऊचं शेड्यूल न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला चालतं. एन्क्रिप्शन की, म्हणजे सेव्ह केलेले लॉगिन कुलूपबंद ठेवणारी किल्ली, वेगळ्या सुरक्षित जागी ठेवा, कारण डेटाबेसचा बॅकअप आहे पण ही की नाही तर सेव्ह केलेले सगळे लॉगिन वाचताच येत नाहीत, एकेक करून परत जोडत बसावं लागतं. वेबहुक नोडला दोन यूआरएल असतात, टेस्टचा आणि प्रॉडक्शनचा, टेस्टवाला फक्त तुम्ही ऐकायचं बटण दाबल्यावर थोडा वेळ चालतो, तो बाहेर कुठे देऊन ठेवू नका. आणि गूगलचं लॉगिन स्वतःच्या क्लाउड प्रोजेक्टमधून जोडत असाल तर तिथे ॲप टेस्टिंग स्टेटसवर ठेवलं की रिफ्रेश टोकन (लॉगिन आपोआप चालू ठेवणारी परवानगी) ७ दिवसांत संपतं. दर आठवड्याला सगळं बरोबर त्याच वेळी का बंद पडतं म्हणून लोक डोकं धरून बसतात आणि एन८एनला नावं ठेवतात, कारण मात्र हे असतं. स्टेटस प्रॉडक्शनवर न्या, किंवा कंपनीचं गूगल वर्कस्पेस असेल तर ॲप इंटर्नल ठेवा.

आता एक किस्सा, कारण हा तिन्ही टूल्सना लागू आहे. आमच्याकडे एका फॉर्म सेवेकडून (नाव घेत नाही) वेबहुकने चौकश्या यायच्या. अचानक काही ग्राहकांना स्वागताचं ईमेल दोनदा जायला लागलं, काहींना तीनदा. सगळ्यांनाच नाही, काहींनाच, म्हणून सापडेना. शेवटी एक्झिक्यूशनची हिस्टरी उघडून वेळा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा दिसलं की ज्या चौकशीबरोबर मोठी फाइल जोडलेली होती तीच परत परत येत होती. त्या सेवेला ठराविक वेळात "मिळालं" असं उत्तर नाही आलं की ती समजते पोचलं नाही आणि तीच माहिती परत पाठवते, आणि आमचा वर्कफ्लो फाइल अपलोड होईपर्यंत उत्तरच देत नव्हता. त्या सेवेच्या सपोर्टने मात्र शेवटपर्यंत "आमच्याकडून एकदाच गेलंय" हेच सांगितलं, आमच्याकडे तीन नोंदी समोर दिसत असताना! फार मनस्ताप झाला त्याचा.

उपाय दोन केले. एक, वेबहुक आला की ताबडतोब २०० चं (म्हणजे "मिळालं" असं) उत्तर द्यायचं आणि काम नंतर करायचं. मेकमधे वेगळं काही लावलं नसेल तर तसंच होतं, एन८एनमधे वेबहुक नोडवर लगेच उत्तर द्यायचा पर्याय आहे. दोन, प्रत्येक चौकशीचा आयडी कुठेतरी लिहून ठेवायचा आणि काम सुरू करायच्या आधी बघायचं की हा आयडी येऊन गेलाय का. मेकमधे डेटा स्टोअर आहे, झॅपियरमधे स्टोरेज आहे, एन८एनमधे डुप्लिकेट काढायचा नोड आहे जो मागच्या वेळी आलेलंही लक्षात ठेवतो. सीआरएममधे नोंद करतानाही आधी शोधा, सापडली तर अपडेट, नाही सापडली तरच नवीन. ही सवय लागली की एकच एन्ट्री दहा वेळा आली तरी वावगं काही होत नाही, निकाल तोच राहतो. पैसे आणि ईमेल या दोन ठिकाणी तर हे हवंच हवं.

एरर येते ते बरं, कमीत कमी कळतं तरी. भीती असते ती गुपचूप बंद पडण्याची. कोणीतरी फॉर्ममधलं फील्डचं नाव बदललं, वर्कफ्लो चालतोय, हिरवी खूण येतेय, पण सीआरएममधे फोन नंबरची जागा रिकामी. किंवा ज्या माणसाच्या अकाउंटने कनेक्शन जोडलं होतं तो नोकरी सोडून गेला, अकाउंट बंद झालं आणि त्याच्यावर लटकलेले सगळे वर्कफ्लो ४०१ (लॉगिन चालत नाही अशी एरर) द्यायला लागले. म्हणून कनेक्शन कधीच कोणाच्या वैयक्तिक अकाउंटने करू नका, ऑटोमेशनसाठी एक वेगळं अकाउंट काढा आणि त्याला लागेल तेवढीच परवानगी द्या. आणि रोज संध्याकाळी एक छोटा वर्कफ्लो चालवा जो फक्त मोजतो: आज फॉर्ममधे किती आल्या, सीआरएममधे किती पोचल्या, आणि दोन्ही आकडे स्लॅकवर टाकतो. आकडे जुळले नाहीत की लगेच बघायचं. आमच्याकडच्या सगळ्या ऑटोमेशनमधे मला सगळ्यात जास्त जपावासा वाटणारा वर्कफ्लो हाच आहे.

रेट लिमिट हा प्रकारही माहिती असू द्या. प्रत्येक एपीआय मिनिटाला ठराविक विनंत्याच घेते, जास्त झाल्या की ४२९ ही एरर देते. गूगल शीट्सची मर्यादा एका यूझरमागे मिनिटाला ६० वाचनाच्या विनंत्या अशी आहे. ५०० ओळी लूपमधे एकेक करून वाचायला गेलात तर पहिल्या मिनिटातच अडकणार, त्यापेक्षा पूर्ण रेंज एकदाच वाचा आणि आत हवं ते शोधा. लिहितानाही तेच.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. आयएफटीटीटी वैयक्तिक कामांना आणि घरातल्या स्मार्ट उपकरणांना छान, धंद्याच्या वर्कफ्लोला मी घेणार नाही. मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट, जे २०१९ पर्यंत फ्लो नावाने होतं, ते तुमचं सगळं ऑफिस आउटलुक, टीम्स आणि शेअरपॉइंटवर असेल तर आधी बघा, कारण तुमच्या लायसन्समधे काही भाग आधीच आलेला असू शकतो. त्यात डेस्कटॉप फ्लो आहेत, ज्या जुन्या सॉफ्टवेअरला एपीआयच नाही त्याच्या स्क्रीनवर क्लिक करून ते काम करून घेतात, ही सोय वरच्या तिघांकडे अशी तयार मिळत नाही. आणि काम फक्त शीट, जीमेल आणि कॅलेंडरमधलंच असेल तर कुठलंही टूल न घेता गूगल ॲप्स स्क्रिप्टनेच करा, एक स्क्रिप्ट एका वेळी ६ मिनिटंच चालते ही मर्यादा सांभाळा.

एआय आता तिन्हीत आलंय. मी ते वापरते, पण एकाच प्रकारच्या कामाला: आलेलं ईमेल वाचून ते तक्रार आहे, चौकशी आहे की बिलाबद्दल आहे हे ठरवणं आणि त्यातून ऑर्डर नंबर वेचून काढणं. उत्तर ठराविक साच्यातच द्यायला सांगायचं आणि साच्यात बसलं नाही तर माणसाकडे पाठवायचं. ग्राहकाला जाणारं पत्र त्याने लिहिलं तरी पाठवायच्या आधी माणसाने मंजूर करायचं, एन८एनमधे वर्कफ्लो तिथेच थांबून स्लॅकवर किंवा ईमेलवर हो-नाही विचारतो आणि उत्तर मिळाल्यावरच पुढे जातो. ही थांबायची सोय मला स्वतःहून कामं करणाऱ्या कुठल्याही एआय एजंटपेक्षा जास्त मोलाची वाटते.

तर मार्क द्यायचे झाले तर माझ्याकडून मेकला ५ पैकी साडेचार, एन८एनला टीममधे सर्व्हर सांभाळणारं कोणी असेल तर साडेचार आणि नसेल तर तीन, झॅपियरला चार. छोटी टीम, टेक्निकल कोणी नाही, वर्कफ्लो दोन-तीन स्टेपचे, तर झॅपियर घ्या आणि कामाला लागा. यादी फोडणं, जोडणं, अटी असं काम असेल तर मेक. डेटा बाहेर जाऊ द्यायचा नाही किंवा वर्कफ्लो लांब आणि रोज हजारोंनी चालणारे असतील तर एन८एन.

घेताना हेही बघा की उद्या सोडायचं झालं तर काय. मेकमधून सिनॅरिओचा ब्लूप्रिंट काढता येतो, एन८एनमधून वर्कफ्लोची जेसन फाइल मिळते, पण एकाची फाइल दुसऱ्यात चालत नाही, सगळं हाताने नव्याने बांधावं लागतं. म्हणून प्रत्येक वर्कफ्लो कशासाठी आहे, कुठून काय येतं, कुठे जातं आणि पडला तर कोणी काय करायचं हे चार ओळीत वेगळ्या डॉक्युमेंटमधे लिहून ठेवा, स्क्रीनशॉटवर विसंबून राहू नका. आम्ही एका टूलवरून दुसऱ्यावर गेलो तेव्हा काही दिवस दोन्ही सोबत चालवले, नवीनचं आउटपुट वेगळ्या शीटमधे घेतलं, ईमेलची स्टेप बंद ठेवली, रोज दोन्ही शीट ओळीला ओळ लावून बघितल्या, आणि सगळं तंतोतंत जुळायला लागल्यावरच जुनं ऑफ करून नव्याची ईमेलची स्टेप चालू केली.